नववी रेघ

लिहा म्हणे! चौथी नापास माणसाला वही देऊन लेक मागे लागलीय. सांगून सांगून तोंड दुखलं, आता बोटं दुखवा. घ्या.

आमच्या शर्यतीच्या ट्रॅकचं नाव जगभर. मी तिथं तीस वर्षं झेंडेवाला; धोका दिसला की झेंडा हलवून गाड्या थांबवणारा. सात वळणं, एक लांबलचक सरळ पट्टा आणि सगळ्यात जुनी ती 'भिंत'. म्हणजे काँक्रीटचं कललेलं वळण; इतकं उभं की चढताना हात टेकावे लागतात. बांधणाऱ्या शहाण्यांना वाटलं, रस्ता कलता केला की गाडीला वेग कमी करायला नको. नव्हत्याच करत! वरच्या काठावरून थेट पलीकडे जायच्या. चौदा माणसं गेल्यावर अक्कल आली. खालून नवा रस्ता केला, वरचा टायर रचून बंद केला. ही मी जन्मायच्या आधीची गोष्ट. माझी चौकी नेमकी त्याच्या पायथ्याशी.

रीत सोपी. समोरून गाडी गेली की पाटीवर एक रेघ. फेरी संपली की टॉवरला फोनवर आकडा सांगायचा.

त्या दुपारी धुकं होतं. सरावाला आठ गाड्या, त्यात माझा जावई. मोठा संघ त्याला घेणार की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. तिसऱ्या फेरीला माझ्या रेघा भरल्या नऊ.

"काका, आठच सोडल्यात. चष्मा पुसा," टॉवरवरचा साहेब खेकसला.

पुसला. पुढच्या फेरीला सात गेल्या. आठवा आवाज जावयाच्या गाडीचा, तो मी झोपेतही ओळखीन. आणि त्याच्यावर... वरून... दुसरा. खोकल्यासारखा, जुनाट. पूर्वी शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालायचे, तसलं एरंडेल जळल्याचा वास आला. बंद भिंतीवरून एक उघडी गाडी खाली येत होती. चालवणाऱ्याची मान एका अंगाला पडलेली. टायरांच्या राशीतून ती सरळ नव्या रस्त्यावर उतरणार, तेवढ्यात मी लाल झेंडा हलवला. खांदा निखळेस्तोवर.

सगळे थांबले. साहेबानं येऊन पाहिलं. एकही टायर हललेला नव्हता. संघवाले कपाळाला आठ्या घालून निघून गेले.

"मामा, सासरे आहात म्हणून गप्प बसतोय," जावयानं हेल्मेट जमिनीवर आपटलं. "वाटोळं केलंत माझं!"

"अहो, जीव गेला असता!"

"कशानं? धुक्यानं? थांबा, वर काय आहे ते दाखवतोच."

टायर ओलांडून, हात टेकत चढला. धुक्यात दिसेनासा झाला.

"काही नाही इथं!" वरून ओरडला. मग... काहीच नाही.

"जावईबापू...? अहो..."

अर्ध्या तासानं उतरला. हात न टेकता. त्या उभ्या भिंतीवरून, सपाट फरशीवरून चालावं तसा.

"काय दिसलं?"

"काही नाही."

सहा महिने झाले. गाडीला हात लावत नाही, माझ्याशी बोलत नाही. जेवायला समोर बसतो. त्याच्या पेल्यातलं पाणी एका अंगाला कललेलं असतं. त्या भिंतीसारखं तिरकं उभं, न सांडता. लेक म्हणते टेबलाचा पाय आखूड असेल. कागदाच्या घड्या घालून थकली. त्याच टेबलावर माझा पेला आहे की! त्यातलं पाणी सपाट.

तो ते पाणी बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि पिऊन टाकतो. चुकलं म्हणायला मात्र जीभ उचलत नाही आमच्या जावईबापूंची.