गावाचे तीन ठोके

सकाळी सव्वासातला रोस्टिकाने कॉफीचा ग्लास टेबलावर ठेवला आणि भूकंपमापकाच्या फिरत्या कागदावरची सुई थरथरली. तिने वेळ लिहून घेतली. लिहून होतं न होतं तोच दुसरा धक्का, मग तिसरा. आठ वाजेपर्यंत सत्तावीस झाले. गुनुंग पादाली या ज्वालामुखीच्या निरीक्षण चौकीत तिची अकरा वर्षं ढग किती आणि वाफ कुठल्या रंगाची हे लिहिण्यात गेली होती. आज डोंगर आपणहून बोलायला लागला होता. तिला आनंद झाला होता आणि असा आनंद चारचौघांत दाखवायचा नसतो, हेही तिला कळत होतं.

"तेतेह, लग्नातसुद्धा तुम्ही एवढ्या खुश नव्हता," तिचा मदतनीस यायात तळलेलं केळं चघळत म्हणाला. तो तिला तेतेह, म्हणजे ताई, म्हणायचा.

"लग्नाची तारीख आधी ठरली होती," रोस्टिका म्हणाली. "केळं लांब ठेव, कागदाला तेल लागेल."

दक्षिणेला समुद्राचा तळ जावा बेटाच्या पोटाखाली सरकत असतो. त्याचे लांबचे हेलकावे तिथल्या पोरांनाही पाठ असतात. हे वेगळे होते. बारीक, एकामागून एक, झुंडीने येणारे आणि नेमके डोंगराखालचे. धक्क्याची पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यात सकाळी तीन सेकंदांचं अंतर होतं. दुपारी ते दोनवर आलं. जे काही होतं ते जवळ येत होतं.

जरा मोठा धक्का झाला की त्याच्यामागून कागदावर तीन बारीक टोकं उमटत. त्याचं रोस्टिकाला कोडं नव्हतं. यंत्राचा कान वर लेगोक हौर गावात, पाण्याच्या टाकीमागे पुरलेला होता. टाकीशेजारीच गावाचं लांबलचक लाकडी उखळ. जमीन हलली की बायका हातातलं काम टाकून धावत आणि रिकाम्या उखळावर मुसळाचे तीन ठोके देत. आहोत, आहोत, आहोत. खाली जे कुणी आहे त्याला कळावं, की वर माणसं राहतात, जपून. चौकीच्या वहीत या टोकांसाठी वेगळा रकाना होता: गावाचा आवाज. पहिलं मुसळ नेहमी रोस्टिकाच्या अंबूचं, म्हणजे आईचं, असे.

तिसऱ्या दिवशी अंतर एका सेकंदावर आलं. रोस्टिकाने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिचा आवाज पक्का होता. दुपारी ट्रक आले.

सगळं गाव निघालं. अंबू तेवढी उखळावर ठाण मांडून बसली.

"डोंगराच्या कुशीत घर बांधलंय मी," ती म्हणाली. "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?"

"अंबू, हट्ट नको. ट्रक थांबलाय."

"थांबू दे. तुझ्या डोंगराने विचारलं आणि कुणीच ओ दिली नाही तर? जागा रिकामी आहे असंच वाटणार ना त्याला?"

"मी देईन ओ. रोज वर येऊन देईन. शपथ."

अंबू उखळावरून उठली. मग मुसळ खांद्यावर टाकून ट्रकमध्ये चढली. रोस्टिकाला शपथेचं काहीच वाटलं नव्हतं. म्हातारी खाली आली, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चांगला दणदणीत धक्का बसला. यायात कागदाजवळ गेला आणि तिथेच उभा राहिला.

"तेतेह. गावात कोण आहे?"

धक्क्यामागे तीन टोकं होती.

"कुणीतरी कोंबड्या बघायला परत गेलं असेल," रोस्टिका म्हणाली. तिला रागच आला. गावकऱ्यांना ठेवलं होतं त्या खालच्या शाळेत फोन करून तिने माणसं मोजून घेतली. दोनशे चौदा, एकही कमी नाही. मुसळं सातच्या सात शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती आणि अंबू तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

मोटारसायकल काढून ती एकटीच वर गेली. यायात येतो म्हणाला, पण चौकी सोडून चालणार नव्हतं.

गावात राखेचा कणही नव्हता. ऊन स्वच्छ पडलं होतं. वाळत घातलेला सारोंग कुणीतरी दोरीवरच विसरलं होतं. निघताना बायकांनी रीतीप्रमाणे उखळ पालथं घातलं होतं. त्याच्यावर वाळकी पानं पडली होती आणि ती कुणी हलवलेली नव्हती.

तिने घरोघरी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

परत फिरणार, तोच जमीन हलली. कौलं वाजली, थांबली.

मग तिच्या तळपायांना ते कळलं.

एक. दोन. तीन.

उखळावरची पानं जागची हलली नाहीत. ठोके खालून आले होते.

रोस्टिका फार घाबरली. तिला शपथ आठवली, तिने तोंडही उघडलं. तीनच अक्षरी शब्द होता, आहोत. तो निघाला नाही.

त्यानंतर एकही धक्का आला नाही. संध्याकाळपर्यंत सुई सरळ रेघ ओढत राहिली.

नऊ दिवसांनी लोकांना परत जायची परवानगी मिळाली. ट्रकमधून पोरं ओरडत उतरली, पिवळ्या भाताची रास रचली गेली, कोंबड्या शिजल्या. रोस्टिकाच्या पाठीवर अख्ख्या गावाने थापा मारल्या.

अंबूने तिला बाजूला घेतलं. "दिलीस ना ओ?"

"दिली," रोस्टिका म्हणाली.

भात वाढला जात असताना समुद्राकडून एक हेलकावा आला. लांबचा, नेहमीचा. बायका हसत उठल्या, उखळ सुलटं केलं, मुसळं उचलली.

मुसळं हवेत वरच राहिली.

एक. दोन. तीन. पायांखालून, स्वच्छ, अगदी गावाच्याच तालात.

सगळ्याजणी अंबूकडे पाहत होत्या. अंबूने मुसळ हळूच खाली घेतलं, उखळाला टेकवून ठेवलं आणि घरात गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं.

"कुठे निघालीस?" रोस्टिकाने विचारलं.

"तुझ्याकडे. खाली."

"आणि घर? घराकडे कोण बघणार?"

"आहेत की घरात," अंबू म्हणाली. "आत्ताच नाही का तीनदा सांगितलं त्यांनी?"

तिने दाराला कुलूप लावलं नाही. पायरीवर चपला घातल्या आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून, पाहुणी यजमानांचा निरोप घेते तशी कमरेत वाकून म्हणाली, "बराच त्रास दिला. निघते मी."