ताक आणि सत्तेचाळीस प्रश्न

जुईला पडलेलं कोडं असं होतं: आबांचं यंत्र कधी चुकत नाही आणि हौसाबाई कधी खोटं बोलत नाहीत. मग हौसाबाईंचा भत्ता तीनदा नामंजूर कसा झाला?

साल होतं २०६८. सौरवाडी गावाने माळरानावर सूर्यपट्ट्या (उन्हापासून वीज बनवणाऱ्या काचा) उभारल्या होत्या. त्या विजेचं उत्पन्न गरजूंना दरमहा वाटलं जाई. गरजू कोण, हे ठरवायला जुईच्या आजोबांनी, म्हणजे शास्त्रज्ञ आबांनी, पारख नावाचा यंत्रमानव बनवला होता. पारख प्रत्येक अर्जदाराला सत्तेचाळीस प्रश्न विचारी आणि आबा त्याच्याकडे वर्गात पहिल्या आलेल्या नातवाकडे पाहावं तसे पाहत.

शेजारच्या हौसाबाईंनी पन्नास वर्षं घरोघरी पापड लाटले होते. पारखने आधी नोकरीचा दाखला मागितला, तो नव्हता. मग गरिबीचा मागितला, तोही नव्हता. "माझ्या मनगटाला इचार की बाबा, त्याला समदं ठावं हाय," असं त्या म्हणाल्या, तर मनगट हा ग्राह्य पुरावा नाही, असं त्याने अदबीने कळवलं. आता ते मनगटच काम करीना, म्हणून हौसाबाई सोमवारच्या बसने कायमच्या पुतण्याकडे निघाल्या होत्या. तान्ह्या जुईला त्यांनीच सांभाळलं होतं. तिला फार रडू येत होतं.

आबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. यंत्राला नावं ठेवली की ते जेवत नसत. म्हणून रविवारच्या श्रमदानात ताक वाटायचं काम जुईने पारखला दिलं. अट एकच, खरोखर तहानलेल्यालाच पेला द्यायचा. आबा खूश झाले.

पारखने रांग लावली. शेवटचं पाणी कधी प्यालात? साक्षीदार कोण? घामाचा नमुना आणलाय का? तासाभरात तीन पेले गेले. त्यातला पहिला सरपंचांना मिळाला. ते घरून लस्सी पिऊन आले होते, पण त्यांची कागदपत्रं चोख होती.

आबा सकाळपासून उन्हात पट्ट्या पुसत होते. त्यांची पाळी आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. एकविसाव्या प्रश्नाला तोंडून शब्दच फुटेना.

"अर्जदार गप्प आहेत, तहान सिद्ध होत नाही," पारखने निकाल दिला, आणि आबा मटकन खाली बसले.

हौसाबाईंनी पारखला कोपराने बाजूला सारलं, आबांना ताक पाजलं आणि ओगराळं घेऊन सगळ्यांना वाढत सुटल्या. दहा मिनिटांत रांग संपली.

आबा रिकामा पेला खाली ठेवून सावरून बसले. मग म्हणाले, "जुई, चूक दोन प्रकारची असते. गरज नसलेल्याला मिळणं ही एक. गरज असलेल्याला न मिळणं ही दुसरी. मी पहिलीलाच घाबरत बसलो. जो जास्त अडलेला, त्याच्याकडेच पुरावे कमी असतात, हे सुचलंच नाही मला."

यावर आबांनीच एक उपाय सुचवला: सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न (प्रत्येक नागरिकाला अट न घालता मिळणारी जगण्यापुरती रक्कम). पारखने लगेच शंका काढली, मग सरपंचांनाही द्यायचं का?

"त्यांनाही. ज्यांची कमाई जास्त, त्यांच्याकडून ते करातून (सर्वांसाठी द्यायच्या वाट्यातून) परत येईल. तो हिशेब तू सावकाश कर, तुला कुठे तहान लागते?"

सगळ्यांना पुरेल का, असं जुईने विचारलं. आबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आत्ता जेमतेम पुरेल. टेकडीवरही पट्ट्या बसवाव्या लागतील. संध्याकाळच्या ग्रामसभेत या उपायासाठी भराभर हात वर झाले आणि टेकडी मोजायचं कामही ठरलं.

सोमवारची बस हौसाबाईंना न घेताच गेली. सत्तेचाळीस प्रश्न रद्द झाल्यामुळे पारखला हिशेबाखेरीज काही काम उरलं नव्हतं, तेव्हा हौसाबाईंनी त्याला ओट्यावर पापड लाटायला बसवलं. त्याने तासभर खपून पहिला पापड पुढे केला. हौसाबाईंनी तो उजेडात धरून नीट पाहिला.

"नामंजूर," त्या म्हणाल्या, आणि भाजून जुईच्या हातात दिला.