सांध्याचा दांडा

स्टेशनच्या इतिहासाचे फलक लिहायचं काम तिला मिळालं, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "आता तरी माझ्या बापाचं नाव धुऊन काढ. नाहीतर पदवी घेऊन काय दिवे लावलेस?"

तिचे आजोबा स्टेशनसमोरच्या ट्राम थांब्यावर सांधेवाले होते. रूळ बदलायचा दांडा अंगाचा भार टाकून धरून ठेवावा लागे. सोडला की रूळ परत फिरत. दांडा भिंतीआड, त्यामुळे ट्राम दिसत नसे. थांब्यावरून कुणी "गेली!" ओरडलं की मगच हात काढायचा. एका दुपारी मागच्या ट्राममध्ये कुणी बडे साहेब खोळंबले होते, म्हणून तेव्हाचे स्टेशनमास्तर स्वतःच, पुढची ट्राम पुरती जाण्याआधी, "गेली!" ओरडले. ट्राम अर्धी या रुळावर, अर्धी त्या. माणसं चिरडली. डबा घेऊन आलेल्या लहानग्या आत्याने ते ओरडणं ऐकलं होतं. दोष आजोबांच्या माथी आला.

"'सांधेवाल्याने हात लवकर सोडला' हे वाक्य राहणार," आत्ताचे मास्तर म्हणाले. "अपघाताचा फलक तुम्ही यायच्या आधीच छापून झालाय."

"मग ओरडलं कोण, तेही छापा. माझ्या आत्याने ऐकलंय."

"गेलेल्या माणसावर कशाला चिखल उडवता?"

"माझे आजोबा काय जिवंत आहेत?"

मास्तर हसले. "अहो, एक दांडा धरायचा. त्यात कसली आलीय विद्या?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच रागात ती नकाशासाठी जुन्या मार्गाची मापं घ्यायला रस्त्यावर उतरली. रूळ कधीच उखडून नेलेले. तरी होकायंत्राची सुई एका वळणदार रेषेवर पुनःपुन्हा भरकटत होती. खाली नळ असेल, तिने ठरवलं. मग लक्षात आलं, बसची वाट पाहणारी माणसं नेमक्या त्याच वळणाने मागे सरकून उभी राहतात. ऊन टाळत असतील. पण बाटली तिने त्या रेषेवर ठेवली, तर आतलं पाणी थरथरू लागलं. रस्ता रिकामा होता. यावर तिला काहीच ठरवता आलं नाही.

अनावरण भर दुपारी झालं. मास्तरांनी ते वाक्य चढ्या आवाजात वाचलं, मग फोटोसाठी भिंतीआड गेले. ती मागोमाग गेली.

"इथे होता दांडा. असा धरायचा," म्हणत त्यांनी मूठ वळली आणि पुढे झुकले.

मूठ उघडेना.

ते आणखी झुकले. एवढं झुकलेला माणूस तोंडावर आपटायलाच हवा. मास्तर पडले नाहीत. हाताच्या शिरा तटतटल्या, कपाळावरून घाम निथळू लागला.

"जड आहे हो," ते पुटपुटले. "गेली का?"

फोटोवाला हसला. मग हसायचा थांबला.

"पोरी, वाक्य बदलतो. तुझ्या आत्याची शपथ. फक्त सांग, गेली का?"

म्हणावं का 'गेली'? एका शब्दाचं तर काम. त्याच शब्दाने तिच्या घराची राखरांगोळी झाली होती. दात आवळून ती भिंतीच्या कोपऱ्यावर आली आणि तिने थांब्याकडे पाहिलं.

रस्ता रिकामा होता. आली की नाही, गेली की नाही, तिला खरंच सांगता येत नव्हतं.

बसच्या रांगेतल्या पहिल्या बाईने पिशवी सावरली, हवेतच कशाला तरी हाताने धरलं, आणि पायरी चढावी तसा पाय उचलला.