सत्यशीलाचा हरभरा आणि रविंद्रची हरणं

हातात गोफण, पायात एकच चप्पल आणि पुढे नऊ हरणं… अशा थाटात सत्यशीलानं बांध ओलांडला आणि ती जागीच थांबली. हरणं शेजारच्या लसूणघासात निवांत चरत होती. बांधावर बसलेला एक तरुण त्यांच्याकडे कौतुकानं बघत होता.

“बघून काय राहिले? हाकला की!”

“काहून? त्यांच्यासाठीच पेरलंय,” तो म्हणाला. “बारा महिने इथं चारा मिळाला, तर लोकाच्या रानात कशाला जातील?”

“माझ्याच रानातून आली ना इथं! हरभऱ्याचे शेंडे खात खात!”

तो पुसेगावचा रविंद्र. मामाचं शेत करायला साखऱ्याला आलेला. हरणं राहायची वरच्या माळावर, यानं चारा पेरला खाली विहिरीजवळ, आणि मधे सत्यशीलाचा हरभरा. पाहुण्यांना जेवायला बोलवावं आणि वाट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून काढावी, असला हा शहाणा!

तिच्या बापानं, सटवाजीनं, यंदापुरतंच रान तिच्या हाती दिलं होतं. “हरभरा गेला तर रान बटईनं दीन, आन् नांदेडच्या स्थळाला व्हय म्हणीन,” असं तो बजावून बसला होता.

रविंद्र रोज माफी मागायला येऊ लागला. एकदा तर बुजगावणं घेऊन आला, स्वतःचा निळा शर्ट घातलेलं. हरणं त्याला भ्याली नाहीत. सत्यशीलाचीच नजर मात्र सारखी त्या शर्टाकडे जायची… आणि ती स्वतःवरच चिडायची.

शेवटी ती कडाडली, “डोकं हाय का तुमाला? माळाला लागून आमची पड जमीन हाय. तिथं पेरा!”

त्यानं ती वखरली. तोवर रोज घास कापून माळावर टाकला. हरणं खाली येईनाशी झाली, हरभरा पुन्हा फुटला. पेरणीच्या सकाळी तिफणीला ज्वारी होती, आणि मागे बांधलेल्या सरत्यातून, बी सोडायच्या नळीतून, हरभरा सोडायला माणूस हवं होतं. सत्यशीलानं ओटीत बी घेतलं.

रविंद्र घुटमळला. “सरत्यामागं… घरचीच बाई चालते. लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणजे… हरणांचं भलं होईल, पण…”

“हरणांचं पुरं झालं! मला विचारायचं ते विचारा.”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “माझ्या… घरची व्हता का?”

“म्हणून तर सकाळपासून उभी हाय इथं! बाबाला मी सांगीन. हाका आता, ऊन व्हायलंय.”

त्यानं बैल हाकले. तिनं सरत्यात पहिली मूठ सोडली. तिफणीचं पहिलंच तास नागासारखं वाकडं गेलं, आणि सत्यशीला त्याला एका शब्दानंही बोलली नाही.