सतरा नंबरचा नमुना

“हा सतरा नंबर बघ, नुसता माजलाय! थांब म्हटलं तरी थांबत नाही. ज्याचा नमुना आहे तोही असाच आडमुठा असणार!”

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी मैत्रिणीला सांगत होते. ती हसली नाही. मी मान वळवली... दारात एक उंच तरुण उभा होता. कानापासून गळ्यापर्यंत जाड, लालसर व्रण.

“तो आडमुठा मीच,” तो म्हणाला. “व्रणाचा दुसरा नमुना द्यायला बोलावलं होतं.”

आणि न देताच निघून गेला.

चार दिवस मी आरशातसुद्धा धड पाहिलं नाही. शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमना सगळं सांगून टाकलं. मला माफी मागायची आहे, हे सांगायला त्यांनी त्याला फोन केला. “येऊ दे तिला,” तो म्हणाला म्हणे.

तो सुतार होता. मी दुकानात शिरले, तरी रंधा चालूच.

“माझ्या पेशी खरंच माजल्यात?”

“नाही हो...” मी घाईने म्हणाले. “पेशींभोवतीच्या जाळीत एक प्रथिन कुलूपबंद असतं. जखम झाली की ते मोकळं होतं, पेशींना सांगतं — धागे विणा, जखम भरा. काम झालं की शरीर त्याला आवरतं. तुमच्यात तो आळा नीट बसत नाही. पेशी बिचाऱ्या विणतच राहतात. असं का होतं, तेच आम्ही शोधतोय.”

रंधा थांबला. “आई म्हणायची, मीच खाजवून वाढवलं.”

“दोष तुमचा नाही. माझ्या जिभेचा आहे.”

“तिला आवरणारं काही प्रथिन?”

मला हसू फुटलं — आणि हसल्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो नमुना देऊन गेला. मग निकाल विचारायला येऊ लागला... मग निकाल नसतानाही.

महिन्याभराने मीच पुन्हा त्याच्या दुकानात गेले.

“तुमचे नमुने आता माझी मैत्रीण बघेल. मीच मागून घेतलं तसं.”

त्याचा हात नकळत गळ्याकडे गेला. “किळस येते?”

“किळस? अहो, ज्याचा नमुना तपासायचा, त्याच्यातच जीव गुंतला तर... चालत नाही आमच्याकडे.”

बोलून गेले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले. मान वर करायची हिंमत होईना. खाली फक्त लाकडाचा भुसा दिसत होता, आणि त्याच्या चपला — जवळ येणाऱ्या.

त्याने बाहीने स्टूल पुसलं.

“बस,” तो म्हणाला. पहिल्यांदाच... ‘बसा’ नाही.