वीस वर्षांनंतरची बैठक

श्रवणयंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत नियोजनाचं खातं म्हणजे एक बाई आणि एक कपाट. खप उतरत चालला होता. मालकांनी तिला तोंडावरच सांगितलं होतं, या बैठकीतून काही निघालं नाही तर खातं बंद. म्हणून तिने विज्ञानकथेचा मार्ग धरला. टेबलाभोवती बसायचं, वीस वर्षं उलटलीत असं धरून चालायचं, आणि तेव्हाची कंपनी जणू आजच चालवतोय अशा थाटात बोलायचं.

सुरुवातीला नुसता पोरखेळ झाला.

"वहिनी, वीस वर्षांनी मी ठार बहिरा असेन," हिशेबनीस म्हणाले. "तुमच्या बैठका तेवढ्या चुकतील!"

मालकांना हसू आवरेना, त्यांचा चहा सांडला. आवाजाचा इंजिनिअर, म्हणजे तिचाच नवरा, खिडकीबाहेर बघत बसला होता. घरच्याच माणसाची ही तऱ्हा, तर बाकीच्यांना काय बोलायचं? ती अगदी रडकुंडीला आली.

"अरे, निदान तू तरी मनावर घे."

त्याने मनावर घेतलं. खुर्ची पुढे ओढली आणि शांतपणे बोलू लागला.

"गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवणारं यंत्र आपण काढलं, त्याला बरीच वर्षं झाली. पहिली चाचणी मी घरच्याच आवाजावर घेतली होती."

या वेळी कुणी हसलं नाही.

"धीराचं काम होतं ते," हिशेबनीस म्हणाले. "वहिनी गेल्या तेव्हा तुमच्याकडे बघवत नव्हतं."

चला, गाडी रुळावर आली! तिचा जीव भांड्यात पडला. "कशाने गेले म्हणे मी?" तिने हसत विचारलं.

मालक तिच्या नवऱ्याकडे वळले. "त्या खेळाच्या दिवशीच ना?"

"हो. याच खोलीत."

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"बास. खेळ संपला," ती म्हणाली.

कुणी मान वर केली नाही.

तिने नवऱ्याचा खांदा धरून हलवला. तो हलला नाही. त्याच्या कानामागचे केस पांढरे होते. सकाळी ते काळे होते.

"अरे, बघ ना माझ्याकडे! मला भीती वाटतेय!"

त्याने कानामागे बोट नेऊन तिथल्या यंत्राचं बटण हलकेच दाबलं.

"ऐकलंत? हुबेहूब तीच," तो मालकांना म्हणाला. "शेवटी जरा घाबरल्यासारखी वाटते. तेवढं मी काढून टाकतो."