किटलीचा आवाज

दुसऱ्या सीझनचे पहिले अकरा भाग मंगळवारी सकाळी आले, आणि त्यातला एकही न बघता ताईने त्यांना मनातल्या मनात नापास करून टाकलं. हे तिच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. बारा वर्षं ती एका साप्ताहिकासाठी मालिकांची परीक्षणं लिहीत होती आणि कुणाची भीडभाड ठेवत नाही म्हणून तिचं नाव होतं. निर्माते तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की खडूस. गोष्ट, चित्रं, संगीत, आवाज आणि पुन्हा बघावंसं वाटतं का, असे तिचे पाच रकाने ठरलेले होते. प्रत्येकी दोन गुण. यावेळी आवाजाच्या रकान्यात भोपळा द्यायचा, हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

मालिका तशी निरुपद्रवी. परीक्षेत तीनदा आपटलेला एक जादूगार ढगावर दुकान थाटतो आणि लोकांची बिघडलेली जादू दुरुस्त करून देतो. कुणाची छत्री आतून गळत असते, कुणाचे बूट उलटे चालत असतात. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, म्हटल्यावर मारामारीच शोधणाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती, पण पहिला सीझन घराघरांत पोचला तो दुकानातल्या तांब्याच्या किटलीमुळे. ही किटली येणाऱ्याजाणाऱ्याची बिनपाण्याने करायची. आपल्या भाषेत डब केलेल्या त्या किटलीचा आवाज होता ताईच्या धाकट्या बहिणीचा.

बहिणीला घरात सगळे चिमणी म्हणत, कारण तिच्या तोंडाचा पट्टा दात घासतानाही बंद नसायचा. तो पाच महिन्यांपूर्वी बंद झाला. घशातली बारीकशी गाठ काढायची साधी शस्त्रक्रिया होती आणि ती नीट पारही पडली. डॉक्टरीणबाईंनी तीनदा नळी घालून पाहिलं, स्वरतंतू ठणठणीत आहेत म्हणाल्या, पंधरा दिवसांत बोलायला लागेल म्हणाल्या. चिमणीच्या तोंडून अजून कुजबुजसुद्धा निघाली नव्हती. ती गळ्यात एक छोटी पांढरी पाटी अडकवून हिंडायची आणि पेनाने भराभरा लिहायची. किटली दुसऱ्या कुणा मुलीला दिली हे कळलं त्या दिवशी मात्र तिने काहीच लिहिलं नव्हतं, आणि ताईचं पित्त खवळलं होतं ते तेव्हापासून.

“बस इथे,” ताई लॅपटॉप उघडत म्हणाली. “आपण मिळून या नव्या किटलीचे वाभाडे काढू.”

चिमणीने पाटी पुढे केली. ‘नीट बघ. मार्क खरे दे.’

तिसऱ्या मिनिटाला दुकानाचं दार उघडलं. चिखलाने भरलेला एक राक्षस आत आला आणि शेगडीवरून किटली कडाडली, “अहो डोंगर! पाय पुसायचे की पायपुसण्यालाच पुसायचं?”

ताईने थांबवायची कळ दाबली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरला. तिने बहिणीकडे पाहिलं. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला.

‘मी.’

नक्कल नव्हती ती. तीस वर्षं ज्या आवाजाने हाका मारल्या, भांडणं केली, फोनवर तासन्‌तास डोकं खाल्लं, तो ताईला कळणार नाही? वाक्याच्या शेवटी स्वर किंचित घसरायचा, तोसुद्धा तिथेच होता.

ताईने लगेच कारण शोधलं. कारण सापडेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. त्या स्टुडिओत एक रीत होती. सीझन संपला की प्रत्येक कलाकाराकडून एक दुपारभर जादा आवाज भरून घ्यायचे. त्याला ते ‘शिल्लक’ म्हणत. हसणं, शिंकणं, उसासे, अगंबाई, छे छे, हुं. पुढे कुठे फट राहिली तर त्यात बसवायला. चिमणीने शस्त्रक्रियेच्या आदल्याच दिवशी शिल्लक दिली होती. “सगळं देऊन जा हं, घरी काही नेऊ नकोस,” दिग्दर्शकाने नेहमीची थट्टा केली होती, आणि तिनेही दोन्ही हात पसरून म्हटलं होतं, “घ्या, सगळं तुमचं.” घरी आल्यावर तिने हे हसत हसत सांगितलं होतं.

पण हसणं आणि शिंकणं जोडून कुणी राक्षसाला डोंगर म्हणू शकत नाही. यंत्राने बनवला असेल तर? ताईने दिग्दर्शकाला फोन लावला आणि सरळ तोफ डागली.

“तुम्ही माझ्या बहिणीचा आवाज चोरलात.”

“काय बोलताय मॅडम! नवी मुलगी आहे, माझ्यासमोर उभी राहून बोलते. गुरुवारी शेवटचा भाग भरतोय, या ना. स्वतः बघा.”

ताईची एक सवय होती. प्रत्येक भाग ती दोनदा बघायची. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, नुसता कानांनी. बुधवारी ती तशी बसली, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन. सातव्या भागात आजारी जादूगार पांघरूण घेतो आणि किटली त्याला दटावते, “पाय झाक नीट, नाहीतर अंगठ्याला स्वप्नं पडतील.”

ताईच्या हातातलं पेन थांबलं. हे वाक्य आईचं होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या दोघींखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने संहिता मागवून घेतली होती, ती चाळली. त्या जागी लिहिलं होतं, ‘किटली: झोप आता.’

ती वळली. चिमणी पडद्यासमोर बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, पण गळा हलत होता. पडद्यावर किटली बोलायची तेव्हा हलायचा आणि ती गप्प झाली की थांबायचा.

“पुरे,” ताई म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. ती घाबरली होती, आणि घाबरल्याचा तिला भयंकर राग आला होता. “उद्या जायचं. कुणाच्या बापाची भीती आहे?”

स्टुडिओ एका छापखान्याच्या वर होता. भिंतींना करड्या रंगाचं जाड कापड, पायाखाली गालिचा, हवेत पेपरमिंटचा वास. मोठ्या काचेच्या अलीकडे दिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक, पलीकडे माइकसमोर नवी मुलगी. तिला सर्दी झाली होती. “नमस्कार,” दार किलकिलं करून ती म्हणाली तो आवाज जाडसर, जरा घोगरा, कुठेही ऐकू येईल असा. ताईला उगीचच हायसं वाटलं.

लाल दिवा लागला. काचेमागे मुलगी हसली, आणि अलीकडच्या स्पीकरमधून चिमणीचं खणखणीत हसू आलं.

ध्वनिमुद्रकाने मागे वळूनही पाहिलं नाही. “आम्हालाही पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं,” तो म्हणाला. “मग सवय झाली.”

“सवय?” ताईचा आवाज चढला. “हिच्याकडे बघा आणि मग सवय म्हणा!”

दिग्दर्शकाने चिमणीकडे बघायचं टाळलं. “मॅडम, लोकांना आवडतंय. आम्ही काही केलेलं नाही. कारण आम्हाला माहीत नाही, आणि खरं सांगू? विचारायची छातीही होत नाही.”

नवी मुलगी दार लोटून बाहेर आली आणि थेट चिमणीसमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. “तुमचा आहे ना तो? घेऊन जा हो. मी घरी रेकॉर्डिंग लावते तर त्यात मी कुठेच नसते. माझी आई म्हणते, हे तू केलंच नाहीस.”

चिमणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग पाटीवर लिहिलं आणि ती दिग्दर्शकाच्या नाकासमोर धरली.

‘मी दिला होता. मीच परत घेणार.’

“चिमणे, नको,” ताई म्हणाली. आता तिलाच धीर उरला नव्हता.

चिमणीने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. ती आत गेली. माइक स्वतःच्या उंचीला आणला, पाय रोवले, पूर्वीसारखी मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मोडली. संहितेचं शेवटचं पान उचललं आणि उलटं करून ठेवून दिलं. काचेतून तिने बोट फिरवलं: चालू करा.

लाल दिवा लागला.

चिमणीने तोंड उघडलं. खोलीत काहीच उमटलं नाही. तिच्या मानेच्या शिरा ताठरल्या. ओठांवरून ताईला शब्द कळत होते. परत ये. परत ये. परत ये.

स्पीकर गप्प होता.

मग अगदी हळू, जवळून, कुणीतरी श्वास घेतला.

“परत ये,” स्पीकरमधून चिमणीचा आवाज म्हणाला. तिच्याच ओठांबरोबर, तिच्याच जिद्दीने. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळाला, तिला वाटलं, मिळाला!

चिमणीने तोंड मिटलं.

“परत ये,” आवाज म्हणाला. “परत ये. परत ये.” आणि मग तो हसायला लागला.

ध्वनिमुद्रकाने माइक बंद केला. हसू थांबलं नाही. त्याने स्पीकरची तार उपटली, तरीही दोन क्षण ते खोलीत होतं, आणि मग संपलं.

चिमणी बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती, पण तिची मान ताठ होती. जिना उतरताना तिने पाटी ताईपुढे धरली. ‘घाबरला तो. बघितलंस?’

ताईला तसं काही वाटलं नव्हतं. तरी ती म्हणाली, “पार घाबरला.”

शुक्रवारी तिने परीक्षण लिहिलं, आणि बहिणीने बजावलं होतं तसं खरं लिहिलं. गोष्ट पहिल्या सीझनपेक्षा सैल आहे, एक गुण. चित्रं देखणी, दोन. संगीत दोन. पुन्हा बघावंसं वाटतं का? नाही, शून्य. आवाजाचा रकाना तिने कोरा ठेवला आणि खाली लिहिलं: ‘हा आवाज उसना आहे. जिचा आहे तिला तो परत मिळेपर्यंत मी त्याला शून्यसुद्धा देणार नाही.’

संपादकांचा लगेच फोन आला. “अहो बाई, अख्खं गाव त्या किटलीवर फिदा आहे. रकाना भरा.”

“नाही भरत.”

“मग मी भरतो.”

“भरा, आणि खाली स्वतःचं नाव घाला. माझ्या नावावर तो कोराच छापायचा.”

संपादक दोन मिनिटं धुसफुसले आणि शेवटी त्यांनी कोराच छापला. त्या दिवशी ताईला स्वतःचा फार अभिमान वाटला.

अंक रविवारी आला. दोघी बहिणी स्वयंपाकघरात चहा घेत होत्या, खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. चिमणीने ते पान दोनदा वाचलं आणि पाटीवर दोनपैकी दोन गुण लिहून ती ताईच्या गळ्यात घातली. ताई खूप दिवसांनी मोकळेपणाने हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर चिमणीचं नाव होतं.

चिमणीचा फोन तिथेच, बिस्किटांच्या डब्याशेजारी, पालथा पडला होता.

ताईने हात पुढे केला, पण चिमणीने तिच्या आधी फोन उचलून कानाला लावला. ती ऐकत राहिली. पलीकडचं बोलणं ताईला नीट ऐकू येत नव्हतं, नुसती लय येत होती, वाक्याच्या शेवटी किंचित घसरणारी. चिमणीच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिने दोनदा जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, जणू पलीकडच्याला ते दिसत होतं. मग तिने फोन बंद करून टेबलावर आपटला.

“काय म्हणाला तो आवाज?” ताईने विचारलं.

चिमणीने तिच्या गळ्यातली पाटी ओढून घेतली. अक्षर नेहमीसारखंच स्पष्ट होतं.

‘रागावलेला नाही. तिसऱ्या सीझनला नवं पात्र आहे म्हणतो. तुझा आवाज चालेल.’

संतापाने ताईचे कान तापले. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि ‘खबरदार’ असं ठणकावून म्हणायला तिने तोंड उघडलं.

चिमणी तिच्या ओठांकडे बघत राहिली, काही ऐकू येतंय का याची वाट पाहत.